बाईंची भुवई

तळोज्यात राहायचं म्हणजे खिडक्या लावून घेण्याची सवय अंगवळणी पडते. औद्योगिक वसाहतीकडून वारा सुटला की त्याच्याबरोबर एक उग्र, जरासा गोडसर वास येतो. नव्या माणसाला त्याने मळमळतं. जुना माणूस बोलणं न तोडता उठतो आणि काच सरकवतो. त्यात आमच्या इमारतीखालचा रस्ता कंटेनरच्या ट्रेलरांचा. काच लागली की वास अडतो, बराचसा आवाजही अडतो, आणि समोरच्या शाळेतला दुसऱ्या मजल्यावरचा एक वर्ग आवाजाविना दिसायला लागतो. माझं काम मुद्रितं तपासण्याचं, टेबल खिडकीला लागून. पान उलटताना मान वर होते तेव्हा समोर तो मूकपट चालूच असतो.

त्या वर्गावर येणाऱ्या दोन बाई मी आता चालीवरून ओळखते. पहिल्या बाई आल्या की पर्स आणि हजेरीपट टेबलावर ठेवतात आणि मग तास संपेपर्यंत त्या टेबलाची साथ सोडत नाहीत. एक हात टेबलाच्या कडेवर, दुसऱ्यात पुस्तक. फळ्यावर लिहायचं तर वर्गाकडे पूर्ण पाठ. पाठ फिरली की मागच्या बाकांवर चुळबुळ सुरू होते. कुणाचा डबा उघडतो, कुणाची चिठ्ठी पुढे सरकते, कुणी नुसताच मागे वळून बसतो. बाई वळल्या की सगळं जागच्या जागी. दुसऱ्या बाई फळ्यावर लिहितात त्या तिरक्या उभ्या राहून, खांदा फळ्याकडे आणि तोंड वर्गाकडे. त्यामुळे त्यांच्या ओळी वर चढत जातात. पण खडू ठेवला की त्या बाकांच्या रांगेत शिरतात. खिडकीकडच्या रांगेत शेवटून दुसऱ्या बाकावर एक मुलगा बसतो. त्याचं डोकं कायम हातावर टेकलेलं. बाई त्याला उभं करत नाहीत. शिकवणं चालू ठेवून त्याच्या बाकापाशी येतात, बाकावर तळवा टेकवतात आणि पुढची दोन-चार वाक्यं तिथूनच बोलतात. मुलगा हळूच सरळ होतो. त्या पुढे गेल्यावरही थोडा वेळ सरळच राहतो.

दोघी काय शिकवतात ते मला ऐकू येत नाही. विषय गणित की इतिहास, तेही कळत नाही. पण कुठल्या तासाला मुलांच्या माना कुठे असतात, ते रस्त्यापलीकडूनही दिसतं. एक शब्द ऐकल्यावाचून कुणाला असं जोखणं बरं नव्हे, हे खरंच. पण या जोखण्याचा रीतसर प्रयोग होऊन गेला आहे. भारतात जन्मलेल्या आणि पुढे अमेरिकेत मानसशास्त्र शिकवणाऱ्या नलिनी अंबाडी यांनी रॉबर्ट रोझेन्थल यांच्याबरोबर तो केला आणि १९९३ साली प्रसिद्ध केला. महाविद्यालयीन शिक्षकांच्या तासांचं चित्रण घेतलं, त्यातले जेमतेम अर्ध्या मिनिटाचे तुकडे निवडले, आवाज बंद केला आणि त्या शिक्षकांना कधीही न पाहिलेल्या लोकांना दाखवले. त्यांनी त्या शिक्षकांना नुसतं बघून जे गुण दिले, ते त्यांच्याच विद्यार्थ्यांनी सत्राच्या शेवटी दिलेल्या गुणांशी बरेचसे जुळले. अख्खं सत्र एकीकडे आणि अर्धं मिनिट एकीकडे. वाचून मला गंमत वाटण्याऐवजी धास्तीच वाटली. जून महिन्यात नवा वर्ग भरतो, बाई दारातून आत येतात, टेबलापर्यंत पोचतात, आणि तेवढ्यात साठ डोळ्यांनी आपला निकाल लावलेला असतो. पुस्तकाचं पहिलं पान अजून उघडलेलंही नसतं.

अर्थात विद्यार्थ्यांना शिक्षक आवडणं निराळं आणि विद्यार्थी शिकणं निराळं. गोड हसून काहीही न शिकवणारे गुरुजी आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले आहेत. तरीही माना वर असल्या तर काहीतरी आत जाण्याची शक्यता असते, आणि खाली असल्या तर ती नसते, एवढं मानायला हरकत नाही.

तळोजं म्हटलं की बाहेरच्या माणसाला कारागृह आठवतं, नाहीतर काळवंडलेली कासाडी नदी. आम्हां राहणाऱ्यांना आधी आठवते ती इथली सरमिसळ. मूळ गावांतले आगरी, तळोजे पांचनंदमधले जुने मोहल्ले, कारखान्यांत कामाला आलेली उत्तर प्रदेश-बिहारकडची बिऱ्हाडं, सिडकोच्या सोडतीत घर लागलं म्हणून मुंबईतून आलेले आमच्यासारखे लोक. १७ नोव्हेंबर २०२३ ला बेलापूर ते पेंधर मेट्रो सुरू झाली, तेव्हापासून या सरमिसळीत आणखी भर पडतेच आहे. अशा गावच्या पहिलीच्या वर्गात बाई जी मराठी बोलतात ती निम्म्या पोरांच्या घरात नसते. ती पोरं काय करतात? ती बाईंच्या हाताकडे बघतात. बाईंचा हात दप्तराकडे गेला की दप्तर उघडतात, ओठांवर बोट गेलं की गप्प होतात, बाई दाराशी जाऊन उभ्या राहिल्या की रांग लावतात. शब्द मागाहून, सावकाश येतात.

एकदा १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनाला, अशाच एका मराठी शाळेत मला गोष्ट वाचायला बोलावलं होतं. माझ्या आधी बाईंचा तास चालू होता, म्हणून मागच्या बाकावर पाय दुमडून बसले. बाई ‘ळ’ शिकवत होत्या. समोर एक चुणचुणीत मुलगी उभी. घरी भोजपुरी बोलणारी असावी. तिच्या तोंडी फळाचं ‘फल’ होत होतं, बाळाचं ‘बाल’ आणि आमच्या गावाचं ‘तलोजा’. बाईंनी तिला पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं नाही. त्या खाली वाकल्या, तिच्या तोंडासमोर तोंड आणून आपलं तोंड चांगलं उघडलं आणि जीभ मागे वळवून टाळूला टेकवून दाखवली. मग उजवा तळवा वर करून बोटं मागे दुमडली आणि पटकन पुढे सोडली. मुलीने आधी हात तसा केला. दोन-तीनदा नुसता हातच केला. मग हाताबरोबर जीभ वळली आणि ‘तळोजा’ बाहेर पडलं, जरा जास्तच जाड. बाईंनी भुवया उंचावल्या, मुलगी हसली, आणि मागचा अख्खा वर्ग हात दुमडून ळ-ळ-ळ करायला लागला.

तेव्हा मनात आलं, करोनाच्या काळात हा ‘ळ’ कसा शिकवला असेल? मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. पुढे मोबाइलच्या पडद्यावर वर्ग भरले, त्यात बाईंसमोर पोरांऐवजी काळे चौकोन. माझी एक शिक्षिका मैत्रीण त्या दिवसांत म्हणायची, की माझे हातच हलेनासे झालेत. समोर कुणाची मान डोलत नाही, कुणाच्या कपाळाला आठी पडत नाही, तर हात कुणासाठी हलवायचे? शिक्षकाची देहबोली म्हणून आपण जिच्याबद्दल बोलतो ती एकट्या शिक्षकाची नसतेच. समोरच्या पोरांच्या अंगांनी ती त्याच्याकडून काढून घेतलेली असते. शाळा उघडल्या तेव्हा पुन्हा तोंडावर मुसकी. त्या वर्षी पहिलीत आलेल्या मुलांनी आपल्या बाईंचे नुसते डोळे पाहिले. जिभेचं काम डोळ्यांनी किती दाखवणार?

पोरांच्या तोंडासमोर तोंड आणायचं तर आधी खाली वाकावं लागतं, नाहीतर बसावं लागतं. या बसण्याची आपल्याकडे एक परंपराच आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. वारली पोरं शाळेत येत नाहीत, तर शाळा पाड्यावर न्यायची, घराच्या अंगणात भरवायची, असा तो विचार. आज देशभर जिला अंगणवाडी म्हणतात तिचं मूळ तिथलं. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी तर त्यांनी कुरणातच शाळा भरवली. या प्रयोगाबद्दल शिक्षणशास्त्राच्या अंगाने पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला मात्र त्यातली बाईंची बैठक दिसत राहते. अंगणात खुर्ची नाही, टेबल नाही, फळा उंचावर नाही. शेणाने सारवलेल्या जमिनीवर पोरं बसली आहेत आणि त्यांच्यातच लुगड्यातल्या बाई मांडी घालून बसल्या आहेत. पुस्तकी मराठी न कळणाऱ्या पोराला त्या बसण्यातलं आमंत्रण तरी कळत असणार.

उलट अंतर राखूनही शिकवता येतं, आणि तेही पोराच्या अंगात कायमचं मुरतं. बाबासाहेब आंबेडकरांनी साताऱ्याच्या शाळेतली आपली आठवण लिहून ठेवली आहे. वर्गात त्यांना इतरांपासून वेगळं, स्वतःच्या गोणपाटावर बसावं लागे. शाळा झाडणारा नोकर त्या गोणपाटाला हात लावत नसे, म्हणून ते रोज घरी न्यायचं आणि रोज परत आणायचं. तहान लागली तर नळाला स्वतः हात लावायचा नाही. शिपायाने नळ सोडला तरच पाणी. त्या वर्गात कुणी एक शब्दही टाकून बोललं नाही असं धरून चाललं, तरी ते गोणपाट बोलतच होतं. कोण कुठे बसतं, बाई कुणाच्या वहीवर वाकतात आणि कुणाची वही लांबूनच बघतात, पाठीवर हात कुणाच्या पडतो, हे सगळं आजही वर्गात चालू असतं. मधल्या रांगेच्या पहिल्या दोन बाकांवर बाईंची नजर जितक्या वेळा जाते तितकी कोपऱ्यात जात नाही. कोपऱ्यातल्या पोराला हे ठाऊक असतं. बरेचदा तो कोपरा त्याने त्यासाठीच निवडलेला असतो, आणि बरेचदा तो त्याच्या वाट्याला आलेला असतो.

आमच्या लहानपणी सरांच्या हातात छडी असे. शिक्षण हक्काचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, आणि त्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक त्रासालाही मनाई केली. छडी गेली, ते उत्तमच झालं. पण छडीचं काही काम डोळ्यांकडे आलं. चुकलेल्या उत्तरानंतर वर्गाकडे बघून हसणं, वही बाकावर टाकणं, एखाद्याचा हात वर असताना त्याच्या पलीकडे बघणं, ‘तुझ्याकडून काय अपेक्षा’ अशा अर्थाने नुसते खांदे उडवणं. यातल्या कशाचीही तक्रार मुख्याध्यापकांकडे करता येत नाही. खांदे उडवले, असं अर्जात कसं लिहिणार? छडीचा वळ दोन दिवसांत जायचा. सरांनी आपल्याला वगळून पुढच्या मुलाला विचारलं, ती दुपार मात्र पन्नाशीतल्या माणसालाही तारीखवार आठवते.

तर त्या वाचन प्रेरणा दिनाला माझी गोष्ट झाली, आणि वेळ उरला म्हणून बाईंनी दुसरीच्या एका मुलाला साताचा पाढा म्हणायला उभं केलं. सात चोकपर्यंत गाडी धडाधड आली. सात पाचाला तो थांबला आणि त्याने बाईंच्या कपाळाकडे बघितलं. “तेहे… चौ… पस्तीस?” ‘तेहे’ला बाईंची भुवई किंचित खाली, ‘चौ’ला तशीच, ‘पस्तीस’ला वर. त्याने पस्तीस ठासून म्हटलं. सात सक तसंच, सात साती तसंच. पाढा पूर्ण झाला, टाळ्या पडल्या, पोरगा ऐटीत बसला. त्याने म्हटला होता पाढाच, पण वाचली होती भुवई.

बर्लिनमध्ये शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हान्स नावाचा एक घोडा फार गाजला होता. त्याचा मालक फॉन ओस्टेन हा स्वतः गणिताचा निवृत्त शिक्षक. तो घोड्याला बेरजा-वजाबाक्या घालायचा आणि घोडा खूर आपटून उत्तर द्यायचा. लबाडी आहे का, म्हणून समिती बसली; लबाडी नव्हती. शेवटी १९०७ साली ऑस्कर फुंग्स्टने उलगडा केला. प्रश्न विचारणारा माणूस घोड्याच्या खुराकडे बघायला नकळत वाकायचा आणि बरोबर आकडा आला की त्याचं डोकं अगदी जरासं वर व्हायचं. घोडा ते डोकं बघून थांबायचा. विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल, किंवा तो घोड्याला दिसत नसेल, तर हान्सचं गणित कोसळायचं. यातला मला सर्वांत आवडणारा भाग पुढचा आहे. हे सगळं स्वतः शोधून काढल्यावरही फुंग्स्टला आपलं डोकं स्थिर ठेवणं जमेना. ठरवूनही जमेना.

म्हणजे बाईंच्या भुवईला शिस्त लावून उपयोग नाही. बी.एड.ला सूक्ष्म अध्यापन नावाचा प्रकार असतो. माझी मावसबहीण त्यातून गेली आहे. सहा मिनिटांचा पाठ, समोर बाकांवर विद्यार्थी झालेल्या मैत्रिणी, मागे निरीक्षणाचा तक्ता घेऊन बसलेल्या मॅडम. हालचाल, हावभाव, विराम, मान डोलावणं, स्मित: प्रत्येकापुढे खुणा. ती सांगायची, की मॅडमच्या पेनाचा आवाज आला की आम्ही हसायचो, म्हणजे स्मिताची खूण पडली. तक्त्याचाही उपयोग आहेच; हात खिशात घालून शिकवू नये, फळ्याआड दडू नये, हे कुणीतरी सांगावंच लागतं. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने वर्गातले तास मोजून दाखवलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी सरासरी सेकंदभरच थांबतात. ते थांबणं तीन सेकंदांवर नेलं तर उत्तरं लांबतात आणि एरवी मूग गिळून बसणारी मुलंही बोलतात. तीन सेकंद थांबायला शिकवता येतं. पण त्या तीन सेकंदांत डोळे काय म्हणताहेत? ‘येईल, घे वेळ’ की ‘येणार नाहीच, पण नियम आहे म्हणून थांबते’? मुलाला दोन्ही थांबण्यांतला फरक कळतो. अंबाडींबरोबर तो अर्ध्या मिनिटाचा प्रयोग करणाऱ्या रोझेन्थलने लेनोर जेकबसनबरोबर १९६८ मध्ये लिहिलेल्या पुस्तकावर अजून वाद आहेत. पण त्यातली मूळ शंका मला तरी पटते. अमुक मुलं पुढे जाणार असं शिक्षकाच्या मनात बसलं, तर ते त्याच्या वागण्यात उतरतं, आणि मुलं त्याप्रमाणे घडतात. मनात जे नाही ते भुवईत आणता येत नाही, आणि मनात जे आहे ते लपवता येत नाही.

आता पहिल्या बाईंबद्दल. एका संध्याकाळी त्या मला औषधाच्या दुकानात भेटल्या, म्हणजे शेजारी उभ्या होत्या. गुडघ्याला बांधायचा पट्टा घेत होत्या. मापाबद्दल विचारत होत्या आणि एका पायातली चप्पल काढून तो पाय दुसऱ्यावर टेकवत होत्या. दिवसाकाठी सहा-सात तास उभं राहायचं, खडूची भुकटी खायची, वरच्या पट्टीत बोलायचं. प्राथमिक वर्गाला तीस मुलांमागे एक शिक्षक असं कायदा म्हणतो. बाकांवर तिघं-तिघं बसलेली मला खिडकीतून दिसतात. त्यात निवडणूक आली की मतदारयादी, जनगणना आली की घरोघर फेऱ्या. हसऱ्या चेहऱ्याने बाकांमधून फिरा, हे सांगायला सोपं आहे. बाकांमधून फिरायला मुळात जागा हवी, गुडघे हवेत, आणि शेवटच्या तासापर्यंत उरलेली थोडी ताकद हवी. काचेतून हे काहीच दिसत नव्हतं. त्यांचं टेबल मात्र दिसत होतं.

आणि आणखी एक अंग मुलं वाचतात. पालकसभेच्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात हे नीट बघायला मिळतं. कारखान्यातली पाळी संपवून आलेला बाप बाईंपुढे हात जोडून, किंचित वाकून उभा असतो, त्या ‘बसा ना’ म्हणाल्या तरी बसत नाही. गाडीची किल्ली बोटात फिरवणारा बाप खुर्ची ओढून पायावर पाय टाकतो आणि बाई बोलत असताना मोबाइलवर अंगठा फिरवतो. आई पदराने मुलाचं नाक पुसते आणि बाईंच्या डोक्यावरून घड्याळाकडे बघते. बाजूला मूल उभं असतं, भिंतीला पाठ लावून. ते बाईंकडे बघत नसतं, प्रगतिपुस्तकाकडेही बघत नसतं. ते बघत असतं आपल्या आईबापांकडे. ज्या बाईंचं बोलणं ऐकायला आपल्या बाबांना मोबाइल खाली ठेवावासा वाटत नाही, त्यांचं सोमवारी आपण का ऐकावं, हा हिशेब ते तिथल्या तिथे करून टाकतं. आणि जे बाबा हात जोडूनच उभे राहतात, त्यांच्या मुलाला प्रश्न विचारण्याआधी आपलाही आवाज खाली आणावासा वाटतो. शिक्षकाने वर्गात कसं उभं राहावं, यावर प्रशिक्षणं होतात, परिपत्रकं निघतात. आपण शिक्षकापुढे कसं उभं राहावं, याचं प्रशिक्षण कुणी देत नाही, आणि मला वाटतं, वर्गात बाईंच्या शब्दाला किती वजन येणार ते निम्मं तिथे ठरतं.

तेव्हा पुढच्या पालकसभेला मोबाइल खिशात ठेवून जा. ओशाळून उभे राहू नका आणि उपकार केल्यासारखे बसूही नका. बाई बोलत असतील तेवढा वेळ त्यांच्याकडे बघा.